सतराव्या प्रश्नाचा मका

लुस्वेती मास्तरांनी त्या वर्षी सतरावा प्रश्न इतका चोख तपासला की मुख्य परीक्षकांनी भर सभेत त्यांचं नाव घेतलं; आणि त्यांच्या घरचा मका, सतराव्या प्रश्नात विचारलंय अगदी तसा, बुरशी लागून वाया गेला. झालं ते एवढंच. पण हे झालंच नाही असं आपण धरून चालू. परीक्षा मंडळ तसंच धरून चालतं, सरकारी गोदामही तसंच धरून चालतं, मग आपणच कशाला आगाऊपणा करायचा?

तर, काहीही झालेलं नव्हतं. नोव्हेंबर संपत आला होता. कितालेच्या त्या सगळ्या पट्ट्यात मका वाळून पिवळा पडला होता आणि लुस्वेती मास्तर हातात कोयता घेऊन ताटं तोडत होते. शाळेला सुट्टी लागली होती. वर्षभर सत्तर-सत्तर पोरांच्या वर्गाला शेतीशास्त्र शिकवून मास्तरांचा आवाज बसलेला होता, त्यामुळे तोडणी मुकाट्यानं चालली होती. मागं त्यांची बायको नेलिमा ताटांची बुचाडं रचत होती. बांधावर बसून म्हातारी, म्हणजे मास्तरांची आई, कणसं सोलत होती आणि सगळ्यांच्या वाटचं बोलत होती.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. मंडळाचा निरोप होता: शेतीशास्त्राच्या पेपर तपासणीसाठी सोमवारी हजर व्हावं, येताना पांघरूण, बादली आणि तांबडी पेनं आणावीत.

मास्तरांनी निरोप दोनदा वाचला. कोयता ताटाला टेकवला.

"बोलावणं आलं वाटतं," नेलिमा म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती.

"आलं."

"पेपर थांबत नाहीत का थोडे?"

"पेपर कसे थांबतील?"

"मका थांबतो होय मग?"

म्हातारीनं एक कणीस ढिगावर फेकलं. "ह्याच्या बापानं जन्मात एक पेपर तपासला नाही. कणगी बघा, काठोकाठ असायची."

"आई, बाबांना वाचता येत नव्हतं."

"म्हणूनच!"

मास्तरांनी मग शांतपणे समजावून सांगितलं. कणगीवरचे पत्रे गंजून त्यांची चाळण झालीय. शाळेच्या पगारात घरचं तोंड भरतं, पत्रे येत नाहीत. पत्रे येतील ते तपासणीच्या पैशातून. तपासणी वर्षातून एकदाच असते, आणि ती असते नेमकी सुगीत.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मका नीट राहावा म्हणून तू मका टाकून चाललास."

"तसं नाही आई."

"मग कसं?"

मास्तरांना उत्तर येत होतं. पुस्तकात याला नियोजन म्हणतात. पण ते पुस्तक म्हातारीच्या हयातीत कधी घरात आलं नव्हतं, म्हणून ते उरलेल्या दोन सऱ्या तोडून मोकळे झाले. निघताना त्यांनी नेलिमाला अंगणात उभं करून सांगितलं, की दाणे नीट वाळवल्याशिवाय पोत्यात भरायचे नाहीत. पोती उघड्या जमिनीवर ठेवायची नाहीत, खाली फळ्या टाकायच्या. फुटके, किडके दाणे वेगळे काढायचे. आणि कणगी आधी झाडून घ्यायची. बोटांवर मोजून चार गोष्टी सांगितल्या.

"झालं?" नेलिमा म्हणाली. "घंटा द्यायची का आता? जा, गाडी चुकेल."

*

तपासणीचं केंद्र नैरोबीच्या पलीकडे, मुलींच्या एका निवासी शाळेत होतं. मुली सुट्टीवर गेल्या होत्या आणि त्यांच्या खाटांवर देशभरचे मास्तर येऊन पडले होते. खाटा एकावर एक अशा दुमजली. मास्तरांना वरची मिळाली. पाय लांब केले की ते गुडघ्यापासून बाहेर जायचे, आणि खालच्या खाटेवरचा मुसेम्बी मास्तर त्यावर आपला टॉवेल वाळत घालायचा.

"हलू नका हो," तो म्हणायचा, "अजून ओला आहे."

मुसेम्बी मचाकोसकडचा. लुस्वेतीसारखाच शेतीशास्त्राचा मास्तर, पण त्याला शेती नव्हती. त्यामुळे त्याचा विषयावर फार जीव होता.

सकाळी बादल्या घेऊन रांग, मग चहा आणि पाव, मग फोन एका लाकडी पेटीत जमा करायचे आणि वर्गात जाऊन बसायचं. दाराशी बंदूकवाला पोलीस. बाकं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या मापाची. मास्तर मंडळी त्यात शिरली की पुन्हा बाहेर यायला शेजाऱ्याचा हात लागायचा. जेवायला मका आणि घेवड्याची उसळ. दुपारनंतर वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या लागायच्या, याचं कारण कोणी बोलून दाखवत नसे.

तपासायची रीत अशी, की एका टेबलाभोवती सहा जण. प्रत्येकाला ठरलेले प्रश्न. पहिला आपले प्रश्न तपासतो, पेपर दुसऱ्याकडे सरकवतो, दुसरा तिसऱ्याकडे. शेवटी टेबलप्रमुख बोसिबोरी मॅडम बेरीज करायच्या आणि मधूनच एखादा पेपर उचलून पुन्हा तपासायच्या. याला सगळे पट्टा म्हणत. पैसे पेपरामागं, आणि सगळ्या टेबलाला सारखे. त्यामुळे एक जण रेंगाळला की पाच जण त्याच्याकडे बघायला लागायचे.

मुसेम्बीकडे सोळावा प्रश्न होता: गाय गाभण असल्याची चार लक्षणं सांगा. लुस्वेतीकडे सतरावा: साठवणीतल्या मक्याला बुरशी लागू नये म्हणून घ्यायच्या चार खबरदाऱ्या सांगा. दोघांकडे दुसरं काहीही नव्हतं. अख्ख्या देशातल्या पोरांनी जमीन, खतं, कोंबड्या, ट्रॅक्टर यांच्याविषयी काय काय लिहिलं होतं, ते या दोघांना कधीच कळणार नव्हतं.

"काल बायकोचा फोन आला," मुसेम्बी म्हणाला. "म्हणे, दमल्यासारखं वाटतंय, भूक वाढलीय. मी म्हटलं, दोन लक्षणं बरोबर, आणखी दोन सांग."

"मग?"

"तिनं फोन ठेवला. दोनच गुण."

पहिले काही दिवस लुस्वेतींना बरं वाटलं. पोरांना सतरावा प्रश्न येत होता. दाणे वाळवावेत, एक गुण. पोती फळ्यांवर ठेवावीत, एक गुण. किडके दाणे वेगळे करावेत, एक गुण. कणगी स्वच्छ करावी, एक गुण. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडला, मान आखडली, पण हात चालत राहिला. देशात एवढ्या पोरांना हे माहीत आहे म्हणजे देशातला मका सुखरूप आहे, असं त्यांना वाटून गेलं.

*

संध्याकाळी चहाच्या वेळी फोन परत मिळायचे. कुंपणाजवळच्या निलगिरीखाली आवाज नीट यायचा, म्हणून तिथं मास्तरांची गर्दी असायची. प्रत्येक जण झाडाच्या खोडाकडे तोंड करून आपल्या घराशी भांडायचा.

"पाऊस आला," नेलिमा म्हणाली.

"डिसेंबरात?"

"मी काय आणला का? एल्गॉन डोंगरावर सकाळपासून काळं धरलं होतं. दुपारी आलाच. अर्धा मका अजून बुचाडात आहे. बाकीची कणसं घरात घेतली, आता आम्ही कुठं झोपायचं ते बघतोय."

"वरच्या थराला हवा लागू दे. दाणे वाळवल्याशिवाय..."

"अंगणात चिखल आहे मास्तर. घोट्यापर्यंत."

"मग ताडपत्रीवर पसर."

"ताडपत्री कणगीवर टाकलीय. पत्रे नाहीत ना."

लुस्वेती खोडाकडे बघत राहिले. मागं दुसरा कोणीतरी आपल्या भावाला बैलाबद्दल शिव्या देत होता.

"आई काय म्हणते?"

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. "आई म्हणते," म्हातारी म्हणाली, "तुझ्या बापाला वाचता येत नव्हतं."

पुढं दोन दिवस पावसानं उघडीप दिली. नेलिमानं आणि दोन्ही पोरींनी पोत्यात कणसं घालून ती काठ्यांनी बडवली, दाणे काढले आणि डोक्यावरून डांबरी रस्त्यावर नेले. तिकडं सगळे तसंच करतात. डांबर तापतं, खालून वरून दोन्हीकडून दाणा वाळतो. रस्त्याची एक बाजू गाड्यांची, एक बाजू मक्याची, आणि मध्ये दगडांची ओळ. गाडीवाले कडेनं घेतात. कारण त्यांचाही मका पुढं कुठंतरी पसरलेला असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागनं पोलिसांची गाडी आली, तिच्यामागं बंद ट्रक आणि ट्रकमागं आणखी एक पोलिसांची गाडी. भोंगा वाजवत. पुढचा शिपाई खाली उतरला.

हे सगळं नेलिमानं संध्याकाळी फोनवर सांगितलं. ती ओरडत नव्हती, त्यामुळे मास्तरांना जास्त भीती वाटली.

"तो म्हणाला, रस्ता मोकळा करा, परीक्षेचे पेपर आहेत. मी म्हटलं, दादा, एका बाजूनं घ्या, जागा आहे. तो म्हणाला, परीक्षेची गाडी मध्यातूनच जाते, वरून हुकूम आहे. मी म्हटलं, माझे मालक तेच पेपर तपासायला गेलेत. तर म्हणाला, मग तुम्हाला महत्त्व कळायला पाहिजे."

"मग?"

"मग काय. आणखी दोघं उतरले, तिघांनी बुटांनी लोटला. निम्मा चरीत गेला, चरीत पाणी. बाकीचा आम्ही हातांनी गोळा केला. भरून होतोय तर वरनं पाऊस." ती थांबली. "म्हणून तसाच पोत्यात भरलाय. ओला. मला माहिती आहे भरायचा नसतो. सांगू नका."

लुस्वेतींनी सांगितलं नाही.

"तुम्ही येता का?" तिनं विचारलं. "नुसतं उलथापालथ करायला माणूस पाहिजे. पोती सारखी उपसायची आणि भरायची. माझे हात चालत नाहीत आता. आईच्यानं पोतं उचलत नाही, तरी उचलते."

"बघतो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पेपरांचं प्रत्येक नवं पाकीट उघडताना ते आत बोट फिरवून बघायचे, एखादा दाणा सांडलाय का. एकही सापडला नाही. मंडळाची पाकिटं फार नीट बंद केलेली असतात.

*

त्याच आठवड्यात एक पेपर आला. अक्षर वाकडं, कागदावर तेलाचा डाग. सतराव्या प्रश्नाखाली पहिल्या तीन ओळी नेहमीच्या. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: पाऊस आला की घरातल्या सगळ्यांनी धावायचं.

लुस्वेतींचा हात थांबला. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. मग एक गुण दिला आणि पेपर पुढं सरकवला. त्यांना वाटलं, इतक्या दिवसांत हा पहिलाच पेपर मक्याजवळ राहणाऱ्यानं लिहिला आहे.

नेमका तोच पेपर बोसिबोरी मॅडमनी उचलला. मॅडम किसीकडच्या, चष्म्यावरून बघायच्या आणि मग चष्म्यातून बघायच्या, आणि दोन्ही वेळा एकच दिसल्याशिवाय बोलायच्या नाहीत.

"लुस्वेती, हे काय?"

"काय मॅडम?"

"'सगळ्यांनी धावायचं.' याला गुण?"

"बरोबर आहे मॅडम."

"बरोबर आहे की नाही हे मी विचारलंच नाही. नमुना उत्तरात आहे का?"

"नाही. पण..."

"पण नाही. नमुना उत्तरात आठ मुद्दे आहेत. आठांत धावणं नाही."

"मॅडम, पाऊस आल्यावर पहिल्यांदा तेच करतात. बाकीचे आठही मुद्दे त्यानंतर येतात."

टेबलावरचे सगळे थांबले होते. पट्टा थांबला होता. पलीकडच्या टेबलांवरून पेपर सरकल्याचा सरसर आवाज येत होता आणि तो आवाज म्हणजे दुसऱ्यांचे पैसे होते.

"मला विचाराल तर," मुसेम्बी म्हणाला, "गाभण गाय धावत नाही. मी एवढंच सांगू शकतो."

मॅडम उठल्या आणि पेपर घेऊन मुख्य परीक्षकांकडे गेल्या. लुस्वेतींनाही जावं लागलं. बाकातून निघताना त्यांच्या पँटची शिवण उसवली. मुख्य परीक्षकांनी आणखी दोघांना बोलावलं. चौघांनी त्या ओळीचा सगळ्या बाजूंनी विचार केला. धावायचं म्हणजे कुठून कुठं? किती जणांनी? घरात एकच माणूस असेल तर 'सगळे' म्हणता येईल का? एकाचं म्हणणं पडलं की ही खबरदारी नसून हालचाल आहे. दुसरा म्हणाला, हिला गुण दिला तर उद्या पोरं 'ओरडायचं' असंही लिहितील.

"आणि घरातलं कोणी बाहेरगावी गेलेलं असेल," मुख्य परीक्षक म्हणाले, "तर हे उत्तर अमलात आणता येत नाही. म्हणजे ते सर्वांना लागू नाही. म्हणजे ते चूक."

लुस्वेतींनी मान हलवली.

गुण खोडला गेला. लुस्वेतींना ताकीद मिळाली: पुन्हा असा फरक आढळला तर पट्ट्यावरून उठवलं जाईल, आणि एकदा उठवलेल्याला मंडळ परत बोलावत नाही.

*

त्या संध्याकाळी त्यांनी बादली, पांघरूण बांधलं. मुसेम्बी खालच्या खाटेवर पडून बघत होता.

"निघालात?"

"पोती तापली असतील आतापर्यंत. हात घातला तर कळतं. आतून ऊब येते."

"मधेच गेलं की केलेल्याचेही पैसे मिळत नाहीत. वाचलंय ना?"

"वाचलंय."

"आणि तुम्ही गेलात की आमच्या टेबलावर सतरावा प्रश्न कोण बघणार? दुसरा माणूस येईपर्यंत पट्टा बंद. पाच घरं आहेत हो पट्ट्यावर." मुसेम्बी उठून बसला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच थट्टेचा नव्हता. "मला शेत नाही. मला दुसरं काही नाही. हा महिना आहे."

थोड्या वेळानं बाकीचे तिघे आले आणि खाटेभोवती उभे राहिले. एकानं आपला पाव आणला होता, तो त्यानं लुस्वेतींच्या बादलीवर ठेवला.

लुस्वेतींनी फोन लावला. "नेलिमा, जमत नाही."

पलीकडं पाऊस वाजत होता.

"बरं," ती म्हणाली. "मग तिकडच्यांचा तरी नीट तपासा."

आणि त्यांनी नीट तपासला. त्यानंतर लुस्वेतींच्या पेनाला कुठं अडखळणं उरलं नाही. नमुना उत्तरात आहे, गुण. नाही, शून्य. एका पोरीनं लिहिलं होतं, मका उशाला घेऊन झोपावं. शून्य. एकानं लिहिलं, रस्त्यावर वाळवू नये, पोलीस येतात. शून्य. त्यांचे पेपर मॅडमनी पुन्हा पुन्हा उचलले आणि एका गुणाचाही फरक सापडला नाही. समारोपाच्या दिवशी मुख्य परीक्षक म्हणाले, "अचूकता म्हणजे काय, ते सतराव्या प्रश्नाकडून शिकावं." टाळ्या झाल्या. बोसिबोरी मॅडमनी चष्म्यावरून आणि चष्म्यातून दोन्हीकडून पाहिलं आणि मान डोलावली. पैसे यथावकाश जमा होतील, असं सांगण्यात आलं.

*

घरी पोचले तेव्हा दारातच वास आला. आंबलेल्या पिठासारखा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर. पोती भिंतीला लावून ठेवली होती. खाली फळ्या होत्या. नेलिमानं फळ्या टाकल्या होत्या.

मास्तरांनी पहिल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. मूठ बाहेर काढली तर दाणे एकमेकांना चिकटून आले, हिरवे, काही काळे, मध्ये पांढरी लव.

"सगळ्यात तसंच आहे," नेलिमा म्हणाली. तिच्या तळव्यांना आडव्या भेगा पडल्या होत्या आणि त्यांत काळं बसलं होतं. "मी रोज एक पोतं उपसत होते. शेवटचं होईपर्यंत पहिलं परत तापायचं."

"बुरशीचं विष कळत नाही," मास्तर म्हणाले. "शिजवून जात नाही. यकृतात बसतं. जनावरालाही घालायचं नसतं."

"कुणाला शिकवताय?"

दुसऱ्या दिवशी सगळे अंगणात निवडायला बसले. मास्तरांनी त्यांना ओळीनं बसवलं. पहिलं सूप धाकटीकडे, तिनं काळे दाणे काढायचे. मग थोरलीकडे, तिनं फुटके. मग नेलिमाकडे, तिनं हिरवे. आणि शेवटी मास्तर, उरलेले बघायला. सूप एकीकडून दुसरीकडे सरकत होतं. कोणी रेंगाळलं की बाकीच्या तिच्याकडे बघत. काम सुरेख चाललं होतं. संध्याकाळपर्यंत मास्तरांच्या पुढं चांगला मका साठला, तो त्यांनी ओंजळीत घेतला, उजेडाला धरला, आणि त्यातलाही बराचसा टाकला.

म्हातारी ओळीत बसली नव्हती. ती चुलीपाशी होती.

"आई, काय शिजतंय?"

"उगाली."

"पीठ कुठलं?"

"पिठाचं पीठ." म्हातारीनं लाकडी पळीनं उगालीचा घट्ट गोळा उलटला. "वरचं बुरसट झटकलं आणि दळून आणलं. आमच्या लहानपणी असाच खायचो. कुणाला काय झालं नाही."

"ज्यांना झालं ते सांगायला राहिले नाहीत."

"मी राहिले ना?"

मास्तरांनी भांडं उचलून बाहेर नेलं आणि उलटं केलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते घरामागं, केळीच्या आडोशाला शिजवलं. मास्तरांनी पोती कुलपात ठेवली. शेजारणींनी सांगितलं की म्हातारीच्या ओच्यात दाणे असतात, ती येता जाता तोंडात टाकते.

"दुकानातनं पीठ आणतो आहे ना आई!"

"ते तू पोरींना घाल. मी रानात वाकले, मी कणसं सोलली. मी माझा मका खाते. तू तुझे पेपर खा."

शाळा उघडायला अवकाश होता. मास्तरांनी मंडळाला फोन केला. प्रक्रिया सुरू आहे, असं एका गोड आवाजानं सांगितलं. पुढच्या वेळी तोच आवाज होता आणि तीच प्रक्रिया. मुसेम्बीचा निरोप आला: त्याचेही आलेले नव्हते, बायकोची मात्र चारही लक्षणं बरोबर निघाली होती.

मग मास्तरांनी निवडून ठेवलेला सगळ्यात बरा मका भाड्याच्या मोटरसायकलला बांधून, यंत्रावर मका तपासून घेणाऱ्या सरकारी गोदामात नेला. म्हातारीला सरकारी माणसाच्या तोंडून एकदा ऐकवावं, नाहीतर मका चांगला तरी ठरावा. दोन्हीतलं काही झालं तरी त्यांना चाललं असतं. नेलिमा आली आणि हट्टानं म्हातारीही आली. कारकुनानं पोत्याच्या कुशीत टोकदार नळी खुपसली, दाणे बाहेर काढले, यंत्रात टाकले. हुंगले.

"नापास," तो म्हणाला.

"सगळा?"

"एकच पोतं आहे ना तुमचं?"

"आम्ही निवडलाय हो," नेलिमा म्हणाली. "एकेक दाणा. बघा तरी."

"बाई, निवडलं ते दिसतंय. यंत्राला निवडलेलं कळत नाही. त्याला एकच विचारलेलं असतं, तेवढंच ते सांगतं."

लुस्वेती मास्तरांनी मान हलवली. असं काम त्यांना समजत होतं.

"ऐकलंस ना आई?" ते म्हणाले. "सरकार सांगतंय. खायचा नाही."

म्हातारीनं कारकुनाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "ह्याच्या घरी रान आहे का?"

"नाही आजी. भाड्याच्या खोलीत राहतो."

"मग?" म्हातारी म्हणाली, आणि पोत्याच्या फाटक्या कुशीतून गळलेले दाणे वाकून वेचायला लागली. वाकताना तिनं बरगडीखाली हात दाबला. तिच्या डोळ्यांत पिवळेपणा होता. मास्तरांनी तो आधीही पाहिला होता आणि चुलीच्या धुराला दोष दिला होता. नेलिमानं तिला दंडाला धरून उठवलं. म्हातारीची मूठ मिटलेली होती आणि ती कोणालाच उघडता येईना.

कारकुनाला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, निकाल मान्य नसेल तर अर्ज करता येतो. कोरा कागद चालेल, आवक खिडकी पलीकडे आहे. मास्तरांनी तिथल्या बाकावर बसून लिहिलं. पेन तांबडं होतं, दुसरं त्यांच्याकडे नव्हतं.

प्रति,
मा. व्यवस्थापक, धान्य गोदाम.
मुख्याध्यापकांमार्फत.

विषय: नापास मक्याच्या फेरतपासणीबाबत.

महोदय,

माझ्या एक पोतं मक्यास आज आपल्या यंत्रानं नापास ठरवलं आहे. यंत्राच्या अचूकतेबद्दल माझी तक्रार नाही. तथापि सदर मक्याची पेरणी वेळेवर, खुरपणी दोनदा व तोडणी हातानं झालेली असून फक्त शेवटची पायरी चुकली आहे, व त्या वेळी घरातील एक माणूस राष्ट्रीय कामावर होता. तरी आधीच्या पायऱ्यांचा विचार करून सदर मका खाण्यास योग्य असल्याचा निर्णय लेखी द्यावा. माझी आई वय वर्षे अंदाजे सत्तर ही तो आधीपासूनच खात आहे. सबब हा निर्णय मागील तारखेपासून लागू करण्यात यावा, ही नम्र विनंती.